चार नंबरची पाचर

मी एकदा एक माणूस पुसून टाकला होता. सँडपेपरने. आणि तो जिथे होता त्या जागेवर जवसाचं तेल चोळून ती चकचकीतही केली होती.

त्याला आता अकरा वर्षं झाली. माझा नवरा रॉय जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी संपली होती, आणि घरात बसून बसून मला भिंतींचा राग यायला लागला होता. म्हणून मी रविवारी सकाळी गुरांच्या बाजाराच्या मैदानावर जायला लागले. आमच्या वेअरडेलच्या खोऱ्यात दर रविवारी तिथे डिकीबाजार भरतो. लोक उजाडता उजाडता गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि घरात नको झालेलं सगळं ओल्या गवतावर मांडतात. बिनझाकणाच्या किटल्या, एकेकटे बूट, सासूने दिलेले फुलांचे पेले. त्या दिवशी एका बादलीत, गंजलेल्या पान्यांच्या खाली, मला एक लाकडी रंधा सापडला. वीतभर लांब, बोटभर रुंद आणि काळाकुट्ट. एका पौंडाला घेतला. का घेतला ते विचारू नका, मला तेव्हा रंध्याचं पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हेही कळत नव्हतं.

पण तीस वर्षं मी शाळेचे टोप घासले होते. मळ दिसला की माझे हात शिवशिवतात. घरी आणून मी तो रंधा असा घासला, असा घासला, की आतलं गोरं लाकूड बाहेर आलं. फक्त मागच्या बाजूचा ‘४’ हा आकडा खोल होता म्हणून वाचला. पुढच्या रविवारी मी तो पिशवीत घालून पुन्हा बाजारात नेला, कोणीतरी ओळखीचं भेटेल आणि काय छान केलंस म्हणेल म्हणून.

चहाच्या गाडीपाशी वॉल्टर नॅट्रस उभा होता. मी त्याला नुसता तोंडओळखीने ओळखत होते. जन्मभर सुतारकाम केलेला, रुंद हाडापेराचा, पोट सुटलेला म्हातारा. बेकनचा पाव खात होता. मी रंधा काढला तसा त्याने पाव गाडीच्या फळीवर ठेवला आणि हात पॅंटला पुसले.

“कोणाचा आहे?” त्याने विचारलं.

“माझा.”

“ते दिसतंय. तुझ्याआधी कोणाचा होता?”

मी खांदे उडवले. त्याने रंधा वळवून वळवून पाहिला. पात्याला घट्ट धरणारी लाकडी पाचर असते, ती अंगठ्याने चाचपली आणि बराच वेळ चाचपत राहिला. मग पुढच्या टोकावर, जिथे मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, तिथे बोट ठेवलं.

“हे कपाळ. इथे सुतार आपलं नाव ठोकतो. तो गेला की रंधा ज्याच्याकडे जातो, तो खाली आपलं ठोकतो. इथे नावं होती, बये.”

“मळ होता.”

“मळ नव्हता. माणसं होती.” त्याने रंधा माझ्या हातात दिला. “तू पुसून टाकलीस.”

दुसऱ्या कोणी असं सुनावलं असतं तर मी त्याच्या चहात मीठ टाकलं असतं. पण तो ओरडून बोलला नव्हता. उलट त्याने मला चहा पाजला, एक पावही घेऊन दिला. आणि त्या चहावर त्याने मला टॉम हेस्लॉपची गोष्ट सांगितली.

हेस्लॉप हा त्यांच्या सुतारशाळेतला, म्हणजे सुतारकामाच्या कारखान्यातला, सगळ्यात जुना कारागीर. त्याच्याकडे अठरा रंध्यांचा एक संच होता. खिडक्यांच्या चौकटी, दारावरच्या पट्ट्या यांना गोलाई द्यायला वापरतात तो. दोन नंबरपासून अठरापर्यंत सम आकड्यांच्या नऊ जोड्या. जोडीतल्या एका रंध्याचं पोट, म्हणजे तळ, आत गेलेलं असतं आणि दुसऱ्याचं सुटलेलं असतं. हेस्लॉप अचानक वारला. आमच्याकडे सुतार गेला की त्याची हत्यारं शाळेतले सोबतीच विकत घेत, आणि मुद्दाम चढ्या भावाने घेत, म्हणजे बायकोच्या हाती चार पैसे पडावेत. मुकादम म्हणाला, संच एकाने घेतला तर एकाचेच पैसे येतील. तेव्हा संच फोडायचा, अठरा माणसांनी एकेक रंधा घ्यायचा. एकेकटा रंधा घेऊन करायचं काय, असं कोणीही विचारलं नाही. अठरा जणांनी अठरा रंधे घेतले आणि प्रत्येकाने हेस्लॉपच्या नावाखाली आपलं नाव ठोकलं. वॉल्टर तेव्हा एकवीस वर्षांचा, शाळेत सगळ्यात धाकटा. त्याच्या वाट्याला सुटल्या पोटाचा दहा नंबर आला.

“आणि हा चार?” मी विचारलं. “हा कोणी घेतला होता?”

“आठवत नाही,” वॉल्टर म्हणाला. “अठरा माणसं होती.”

“मग हा हेस्लॉपचाच कशावरून?”

“हत्यार ओळखता येतं मला. तू पाव खा, गार होतोय.”

अशी ती सुरुवात झाली. मी चुकीची भरपाई करायची म्हणून उरलेले रंधे शोधायला लागले, हे सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे मला रविवारी कुठेतरी जायचं होतं, आणि तिथे माझी वाट बघणारं कोणीतरी हवं होतं. वॉल्टर माझी वाट बघायचा. मला उशीर झाला की म्हणायचा, “आलात का राणीसाहेब? चांगलं सगळं गेलं, आता पेले घ्या फुलांचे.”

त्याने मला सगळं शिकवलं, आणि ते शिकवताना माझी भरपूर लाजही काढली. पातं व्हिनेगरमध्ये ठेवायचं, पण लाकडाला थेंबही लागू द्यायचा नाही. लाकडाला फडक्याने पुसायचं, तेल द्यायचं, आठ दिवस थांबायचं, मग मेण.

“गंज काढायचा,” तो म्हणायचा. “वय काढायचं नाही. कळलं? की पुन्हा टोप घासायचाय?”

दहा वर्षांत मला सोळा रंधे आणखी मिळाले. आठ नंबर एका बाहुलीच्या गाडीखाली होता. चौदा नंबरला कोणीतरी भोक पाडून त्यात मेणबत्ती लावली होती. सुटल्या पोटाचा दोन नंबर एका शेतकऱ्याच्या खुराड्याचं दार अडवायला होता, आणि तो सोडवताना एका कोंबडीने मला असं काही फोडून काढलं की वॉल्टर आठवडाभर हसत होता. प्रत्येक वेळी मी रंधा आणला की तो आधी चष्मा पुसायचा, मग कपाळ वाचायचा. वर ‘टी. हेस्लॉप’ आणि खाली दुसरं नाव. ते वाचलं की तो माणूसच गवतावर येऊन उभा राहायचा.

“पी. ऑर्ड! अरे देवा, पर्सी. सगळी भजनं एकाच चालीत म्हणायचा, आणि ती चालही चुकीची.” किंवा, “जे. टीसडेल. कवळी डब्यात ठेवायचा. एकदा सरसाच्या डब्यात ठेवली. संध्याकाळपर्यंत गप्प होता बिचारा, शाळेला सुट्टी असल्यासारखं वाटलं.”

कोण चहात किती साखर घ्यायचा, कोणाची बायको रागीट होती, कोण कुठल्या बाकावर काम करायचा, सगळं त्याला तोंडपाठ होतं. मीही ते ऐकून ऐकून त्या सोळा माणसांना ओळखायला लागले. पण अधूनमधून मी विचारायचे, “चार नंबर कोणाचा होता रे?” आणि तो म्हणायचा, “आठवत नाही.” मी म्हातारपण म्हणून सोडून द्यायचे.

एकदाच तो माझ्यावर खरा चिडला. बाकी सगळ्या रंध्यांच्या पाचरी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या होत्या आणि चार नंबरची तेवढी तांबूस, पेअरच्या लाकडाची. कोणीतरी मागाहून बसवलेली. ती संचात खटकत होती. मी बीचची नवी पाचर तासून आणली.

“त्या पाचरीला हात लावायचा नाही,” वॉल्टर म्हणाला.

“अरे पण ती मूळची नाहीये.”

“हात लावायचा नाही म्हटलं ना, एनिड!”

चहाच्या गाडीवरच्या बाईने मान वर करून पाहिलं. मी नवी पाचर पिशवीत टाकली आणि दोन रविवार त्याच्याशी तुटक बोलले. तिसऱ्या रविवारी त्याने न बोलता माझ्यासाठी हॅमचा पाव घेऊन ठेवला होता, वाटाण्याचा लगदा जास्त लावून. मग बोलावं लागलं.

अशा रीतीने माझ्याकडे सतरा झाले. अठरावा, म्हणजे सुटल्या पोटाचा दहा नंबर, वॉल्टरच्या बाकावर होता. तो अजून कामाला घ्यायचा तो.

“दे ना,” मी म्हणायचे.

“मी मेल्यावर घे.”

“तू मरायचं नाव घेत नाहीस.”

“तू तरी कुठे घेतेस? बघू कोण जिंकतं.”

यात वाईट काही नव्हतं, आमचा तो खेळ होता. पण गेल्या वर्षी खोऱ्याच्या संग्रहालयातून फिलिपा नावाची एक तरुण बाई माझ्याकडे आली. संग्रहालयात कारागिरांसाठी नवी खोली होत होती. मी सतरा रंधे ओट्यावर ओळीने मांडले तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, एवढ्या माणसांची नावं एकत्र ठेवणारा संच तिने कुठेच पाहिला नव्हता. दारासमोरच्या काचेच्या कपाटात तो ठेवायचा, आणि खाली पाटी: ‘संग्रह आणि जतन: एनिड डॉड.’ तिच्या अटी दोनच होत्या. ईस्टरपर्यंत अठराही हवेत. आणि आता त्यांच्यावर नवीन काहीही ठोकायचं नाही, रंगवायचं नाही. चार नंबरचं कपाळ पुसलेलं आहे तर पुसलेलंच दिसू दे, पण त्यावर नवं नाव आलं तर तो संच ती घेऊ शकणार नव्हती.

माझं नाव आजवर शाळेच्या हजेरीपटाशिवाय कुठेही लागलेलं नाही. मला ती पाटी हवी होती. इतकी हवी होती की मी ती रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर वाचायचे.

वॉल्टरला सांगितलं तर तो म्हणाला, “काचेमागे? हत्यारं? मग त्यांना लोणच्यातच घाला की.”

आणि मग हिवाळ्यात त्याचे हात गेले. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग शर्टावर. डॉक्टरने नाव सांगितलं, औषध दिलं, पण हात ऐकेनात. फेब्रुवारीत त्याची मुलगी जुडिथ नॉरिचहून आली आणि ठरवून गेली की बाबा आता माझ्याकडे राहतील. मुलगी चांगली आहे, तिचं काही चुकलं नाही. पण नॉरिच म्हणजे इथून सहा तास, आणि तिच्या घरात बाकाला जागा नाही.

वॉल्टरने मला शाळा आवरायला बोलावलं. घरामागची ती खोली तो अजून शाळाच म्हणायचा. मी गेले तर बाक रिकामा होता आणि त्यावर मधोमध, नवं तेल दिलेला, दहा नंबर ठेवला होता.

“घे,” तो म्हणाला. “ईस्टर आलाय.”

अकरा वर्षं मागितलेली वस्तू हातात आली, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. भीतीच वाटली. तो द्यायला तयार नव्हता तोवर आमचं बरं चाललं होतं.

“तू मेलेला नाहीस अजून,” मी म्हणाले.

“तू जिंकलीस असं समज. आणि ते खण आवर जरा, माझ्याने उघडत नाहीत.”

मी पाठ फिरवून खण आवरायला घेतले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं. तिसऱ्या खणात सुती फडक्यात गुंडाळलेले दोन पोलादी ठसे होते, प्रत्येकी बोटभर जाड. नाव ठोकायचे ठसे. अक्षरं उलटी असतात, म्हणून मी एक मेणाच्या वडीवर दाबून पाहिला. डब्ल्यू. नॅट्रस. तो वॉल्टरचा. दुसरा दाबला.

ए. नॅट्रस.

“हा कोणाचा?”

“आल्फ. माझा थोरला भाऊ.”

“तोही सुतार होता?”

“माझ्या शेजारच्याच बाकावर.”

मी मनात मोजलं. हेस्लॉपच्या शाळेत अठरा माणसं होती. सोळा जणांची नावं मी वाचली होती, त्यांच्या बायका आणि कवळ्याही मला माहीत होत्या. सतरावा वॉल्टर. ज्याला प्रत्येकाची साखर आठवत होती, त्याने शेजारच्या बाकावरच्या भावाबद्दल अकरा वर्षांत मला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

“वॉल्टर,” मी म्हणाले, “चार नंबर.”

तो स्टुलावर बसला. हात मांड्यांखाली घातले, थरथर थांबवायला.

“आल्फच्या हातून तो एकदा फरशीवर पडला होता. पाचर चिरली. बीच मिळेना, म्हणून आईच्या परसातल्या पेअरची फांदी तासून त्याने बसवली. सगळे हसले त्याला. तो गेल्यावर वहिनीने घर आवरलं आणि सामान कोणालातरी दिलं. तिला काय माहीत? मी सव्वीस वर्षं दर रविवारी लोकांच्या बादल्यांत हात घालत होतो. आणि मग एक बाई माझ्यासमोर तो घेऊन उभी राहिली. नव्या टोपासारखा घासलेला.”

मी त्याच्या भावाला पुसलं होतं. सव्वीस वर्षं शोधून त्याला आठवडाभर उशीर झाला, तो माझ्यामुळे. आणि त्यावर तो मला चहा पाजून बसला होता.

“सांगितलं का नाहीस?” मी ओरडलेच. “मी तेव्हाच तुला दिला असता! तुझा होता तो! अकरा वर्षं मी तो माझ्या फळीवर मिरवतेय, आणि तू—”

“सांगितलं असतं,” वॉल्टर म्हणाला, “तर पुढच्या रविवारी तू आली नसतीस.”

तो माझ्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता.

“शरमेने आली नसतीस. ओळखतो मी तुला. आल्फ तर गेलाच होता, त्याचं नावही गेलं होतं. आणि तू त्या गाडीपाशी इतकी खूष उभी होतीस, पिशवी छातीशी धरून. म्हटलं, जाऊ दे.”

मी रडले. आवाज करून रडले, रॉयच्या वेळी नव्हते रडले तशी. त्याने मला रडू दिलं. मग मी नाक पुसलं, कोट घातला आणि चालत घरी गेले. अर्ध्या तासात परत आले तेव्हा माझ्या हातात चार नंबर होता.

“आल्फचा ठसा दे,” मी म्हणाले.

त्याला लगेच कळलं. “वेडी आहेस का? नवं काही ठोकायचं नाही म्हणून सांगितलंय त्यांनी. काचेत जाणार नाही मग.”

“नको जाऊ दे.”

“आणि तुझी पाटी?”

“पाटीला चुलीत घाल. धर तो ठसा.”

“माझे हात बघतेस ना? एका घावात बसायला हवा, दुसरा मारला की अक्षरं दुहेरी होतात. तू एकटी ठोक.”

“भाऊ तुझा आहे. तूच धरायचास.”

मी चार नंबर बाकाच्या शिकंज्यात उभा आवळला, कपाळ वर करून. वॉल्टरने ठसा त्यावर टेकवला. तो रंध्यावर टकटक वाजत होता इतका हात हलत होता. मी माझा डावा हात त्याच्या मुठीभोवती घट्ट धरला आणि उजव्या हातात हातोडी घेतली. त्याचा थरकाप माझ्या कोपरापर्यंत येत होता. दोघांचे हात मिळून थोडे कमी हलत होते, एवढंच.

“कधी मारायचा?” मी विचारलं.

“मला विचारू नकोस. मार.”

मी मारला.

ठसा उचलला तर नाव उमटलं होतं. खोल, एकेरी, आणि चांगलंच तिरकं. पहिलं अक्षर वर चढलेलं आणि शेवटचं कडेवरून पडायच्या बेतात. जन्मात त्याने इतकं वाईट नाव ठोकलं नसेल. दुसऱ्या कोणाचं असतं तर आठवडाभर चेष्टा केली असती.

वॉल्टरने चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा लावला. मग दर वेळी वाचायचा तसं, बोट फिरवत, त्याने कपाळ वाचलं.

“ए. नॅट्रस,” तो म्हणाला. “आल्फ. तीन चमचे साखर घ्यायचा, आणि ढवळायचा नाही. आणि हा असाच उभा राहायचा, तिरका. आई ओरडायची.”

“आणखी?” मी विचारलं.

“बस,” वॉल्टर म्हणाला. “खूप आहे सांगण्यासारखं.”

मी कोट काढला आणि बसले.